एक्कावन्नावी प्रत निघणार नाही

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीपुढे, व्यवसाय लाकडी ठोकळे कोरून चित्रं छापणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आहे, पण ते खाली गाडीत बसलंय. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हे आजच.

१. गेल्या निवडणुकीत आमच्या वस्तीतल्या नर्सबाई उभ्या राहिल्या. प्रचाराला पैसा नव्हता. मी आणि माझी छपाईतली जोडीदारीण, दोघींनी त्यांचा चेहरा कोरला आणि क्रमांक घालून पन्नासच प्रती विकल्या. बाई पडल्या. आता निवडून आलेल्यांना त्याच चेहऱ्याखाली आपलं चिन्ह छापायचंय, म्हणजे बाई त्यांना मिळाल्या असं लोकांना वाटेल. जोडीदारणीला त्यांनी चौकशीला नेलंय, अजून सोडलेलं नाही. ठोकळा दोघींचा, मोडायचा तर दोघींनी, असा आमचा शब्द आहे. मी नसले तर तिने एकटीने त्यावर आडवी चीर मारावी, म्हणजे त्यातून पुन्हा प्रत निघणार नाही.

२. हे घर, खालचा छापखाना आणि सगळी हत्यारं जोडीदारणीला.

३. मुलाला त्याच्या वडिलांचं घड्याळ. तो त्या लोकांचं काम करतो. माझा राग त्याच्या मतावर नाही, त्या गाडीत बसण्यावर आहे.

४. धाकट्या दिरांनी हौसेने प्रत घेतली आणि निकाल लागताच परत पाठवली. चौकट मात्र ठेवून घेतली. ती त्यांनाच लखलाभ.

५. साक्षीला वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लगेच आल्या. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "मला यात गुंतवू नका." वाचनालयाच्या गृहस्थांच्या खिशाला दोन पेनं असतात, आज एकही नव्हतं.

तेवढ्यात मुलगा वर आला. "आई, ठोकळा दे. प्रकरण मिटेल."

"आधी हे वाच."

त्याने उभ्यानेच वाचलं. "दुसरा साक्षीदार कुठाय?"

"मिळत नाही."

"मग हा कागद रद्दी," शिंपीणबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "मग सगळं तुलाच मिळणार."

खाली हॉर्न वाजला. तो खिडकीशी गेला. मग खुर्ची ओढून बसला.

"सही कुठे करायची?"

हे पाचवं कलम तो समोर असताना लिहिलं. मी दोघांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण: छापखान्यावरची खोली
तारीख: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाचा आदला दिवस, दुपार

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: शिंपीण, वरचा मजला (सही)
साक्षीदार २: मुलगा (सही)