बाबांनी तार खाली ठेवली

ता. ११ सप्टेंबर

दादा, नमस्कार.

इकडे सगळं ठीक. म्हणजे, असं लिहायची पद्धत आहे. आईचे गुडघे आपले कुरकुरतात. वहिनीला नमस्कार, चिमणीला पापा.

चिमणीला शाळेत 'चिकाटी' या शब्दावर लिहायचंय, आजोबांचं एखादं उदाहरण पाठव, असं तू कळवलंस. किल्लीवाल्याची नात, तिला उदाहरणांना काय तोटा! पण मी लिहायला बसते आणि अडते. चिकाटी कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, तेच मला हल्ली कळेनासं झालंय.

दुकानात एक तिजोरी आली होती. मागच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंची. नवरा गेला, किल्ली सापडेना. बाबा तिच्यापुढे कुलूप उघडायची तार घेऊन बसले ते बसलेच. मी म्हटलं, कापून टाकू, तर माझ्यावरच उखडले. कापायला काय, कोणीही कापतं, तुझ्यात चिकाटीच नाही, म्हणाले. इकडे त्यांचे हात थरथरतात, तार खटक्याला लागायच्या आधीच घसरते. बाई हेलपाटे घालून कंटाळल्या. शेवटी बाबांनी जाहीर केलं, ही उघडली नाही तर दुकान बंद. आईचं तोंड एवढंसं झालं. दुकान गेलं तर हा माणूस घरात करणार काय?

चिमणीला हवं तर लिहू दे: चिकाटी म्हणजे जेवण गार झालं तरी न उठणं. चिकाटी म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलाय हे कबूल न करणं. हसू नकोस, मी रोज बघत होते.

बरं, आता खरं सांगते. ती तिजोरी मी उघडली. आईने बाबांना हाताला धरून जेवायला नेलं होतं, तार तशीच लटकत होती. मी सहज हात लावला आणि खटका पडला. आनंद व्हायला हवा होता की नाही? मला रडूच आलं. आणि मी शहाणीने काय केलं, तर कुलपाचा आतला दांडा मागेच ठेवून दार नुसतं लोटलं. म्हटलं, त्यांच्या हातून उघडू दे, बला टळेल.

बाबा आले. तार घातली, थोडं चाचपलं आणि थांबले. दांडा मोकळा आहे हे त्या थरथरत्या बोटांनाही कळलं. तार पुसून खाली ठेवली. दार ओढलंसुद्धा नाही.

"बाईंना निरोप दे," म्हणाले. "तू उघडलीस म्हणून सांग."

चपला घालून गेले, ते तेव्हापासून दुकानात आलेले नाहीत. पण घरी पोटभर जेवतात, गाढ झोपतात. त्यांची चिकाटी सुटली म्हणायची, की त्यांनीच ती सोडली? मी विचारलं, दुकान बंद करायचं का? तर म्हणाले, "का? तू आहेस ना." रागाने म्हणाले की मायेने, मला अजून उमगलेलं नाही. मला दोन्हीची भीती वाटते.

आज एक गिऱ्हाईक विचारत आलं, मालक कुठे आहेत. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोला, मीच."

दादा, आता घरी जाऊन त्यांच्यासमोर जेवायला कशी बसू?

दुकानातूनच,
तुझी धाकटी