तोडलेल्या शिरीषाची सावली पूर्ववत मिळणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
नगरपालिका उद्यान विभाग.

विषय: तळमजल्यामागील वाफ्यावरची सावली परत मिळणेबाबत.

संदर्भ: वृक्षतोडीबाबत आपल्या कार्यालयाची सूचना, जी झाडाच्याच खोडावर चिकटवल्यामुळे झाडासोबत गेली.

महोदय,

सादर करते की, मी शिवणकामाची निवृत्त शिक्षिका असून तळमजल्यावर मागच्या बाजूस राहते. माझे स्वयंपाकघर व कुंपणाची भिंत यांमध्ये, पाण्याच्या नळाला लागून, एक चिंचोळा वाफा आहे. त्यावर आपल्या विभागाच्या शिरीषाची सावली होती. ‘होती’ हा शब्द मी मुद्दाम लिहीत आहे.

त्या सावलीत काय जगेल, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. गुलाब नुसताच उंच झाला. मोगऱ्याने पानांवर बोळवण केली. अखेर बरोबर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी लक्ष घातले. त्यांची पद्धत अशी: भर दुपारी मातीवर माझे पांढरे अस्तराचे कापड अंथरायचे आणि वर हात धरायचा. हाताची सावली रेखीव पडली तर तेथे कोलियस, पुसट पडली तर सिंगोनियम किंवा पीस लिली, आणि हात कुठे संपतो तेच कळेना झाले तर नेचे. या पद्धतीने लावलेले एकही रोप वाया गेले नाही. हे सविस्तर लिहिण्याचे कारण इतकेच की, सावली म्हणजे काय हे त्या बाईंना पुरते ठाऊक होते.

मी मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. परत येऊन मागचे दार उघडले तर डोळ्यांवर ऊन आले. नेचे वर इस्त्री विसरून राहिलेल्या कापडासारखे करपले होते. पीस लिलीने मान टाकली होती. मी तशीच आपल्या कार्यालयात आले. तेथे आपले निरीक्षक म्हणाले, “अहो बाई, आम्ही कशाला आपणहून तोडू? तुमच्या वरच्याच आजींनी अर्ज दिलाय, घरात उजेड येत नाही म्हणून. म्हटलं घरचंच आहे, तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हते. परक्याने केले असते तर भांडून मोकळी झाले असते. येथे कुंपणानेच शेत खाल्ले, आणि त्या कुंपणाच्या मी रोज पाया पडत आले. सबब पुढीलप्रमाणे विनंती आहे.

१. सावली परत द्यावी. नवे झाड वाढण्यास वर्षे लागतात हे मला समजते. नेच्यांना समजत नाही.

२. आपल्या कार्यालयाची उंच इमारत दुपारनंतर मोठी सावली पाडते. ती रिकाम्या रस्त्यावर विनावापर पडून असते. तिचा काही भाग माझ्याकडे वळवता येईल काय, याबाबत अभिप्राय द्यावा.

३. ते नियमात बसत नसल्यास दुपारपुरता एक कर्मचारी छत्रीसह वाफ्यावर नेमावा. बसण्यास स्टूल मी देईन.

४. जाऊबाईंना आपल्यामार्फत लेखी समज द्यावी. तोंडी मी दिली आहे, पण त्या मला लग्न होऊन आल्या दिवसापासून ओळखतात.

हिरवी जाळी बांधून घ्या, असे निरीक्षकांनी सुचवले. ती मला नको आहे. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

वाचलेली रोपे मी कुंड्यांत काढून जिन्यात मांडली आहेत. जिन्यात सावली आहे. शेवटची कुंडी जाऊबाईंच्या दाराशी येते, म्हणून पाणी घालायला मला वरपर्यंत जावे लागते. दुसरा हेतू नाही. खुब्याच्या ऑपरेशनपासून त्या जिना उतरत नाहीत. परवा गेले तेव्हा दार उघडेच होते आणि त्या गॅलरीत कठड्याला खुर्ची लावून बसल्या होत्या. एवढा उजेड मागवला, पण पाठ त्या उजेडलेल्या घराकडे आणि तोंड खाली माझ्या वाफ्याकडे. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “अगं, झाडामुळे तू दिसायचीच नाहीस. नुसता नळाचा आवाज यायचा.”

महोदय, बघायचेच होते तर हाक मारायची. मी आले असते. इतकी वर्षे एका कापडावर दोघींचे हात होते, आणि अर्ज मात्र एकटीने केला. हे मला लागले आहे व लागून राहणार आहे. कृपया याची नोंद घ्यावी.

तथापि विनंती क्र. १ मध्ये पुढील दुरुस्ती करावी. नवे रोप जुन्या जागी लावू नये. ते पश्चिमेच्या कोपऱ्यात लावावे, म्हणजे उतरत्या उन्हात सावली वाफ्यावर पडेल, पण वरची गॅलरी आणि माझा नळ यांच्या मध्ये एकही फांदी किंवा जाळी येणार नाही. यास समेट समजू नये.

आपली, तूर्त उन्हात असलेली,
(सही)
तळमजला, मागची बाजू
दिनांक: झाड गेल्यानंतरचा तिसरा सोमवार

सोबत:
१. करपलेल्या नेच्याचे पान.
२. नव्या रोपाच्या जागेचा नकाशा. (आखणी जाऊबाईंची. खुर्चीत बसूनही त्यांची रेघ सरळ येते.)