मागच्या भिंतीतल्या एकशे बारा विटा

हे लिहायचं मी चार महिने टाळलं. कधी पेन सापडेना, कधी पेन सापडला तर झोप येई. एकदा कागद आणायला म्हणून निघालो आणि दोन गावं पुढे जाऊन आठवड्याने परतलो. पण परवा मागच्या भिंतीला लावलेल्या शिडीची पायरी पायाखालून निसटली. काका म्हणाला, "जुनी झाली रे ती." आदल्या दिवशी तर धड होती.

म्हणून मी, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, डोकं ठिकाणावर असताना, कुणीही न पढवता, माझ्यामागे काय व्हावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

१. वडिलांकडून मला आलेला घराचा मागचा अर्धा भाग वीटभट्टीवाल्या मावशींना द्यावा. त्या माझ्या कुणी लागत नाहीत. कारण आहे ती भिंत. नदीकाठच्या जुन्या वस्तीत सगळ्यांची मिळून एकच भट्टी होती, म्हणून प्रत्येक घर ओल्या विटेवर आपली खूण दाबायचं. मावशी आजही तीन बोटं दाबतात, मधलं जरा तिरकं. आजेसासूने शिकवलेलं. आमच्या भिंतीत तशा एकशे बारा विटा आहेत, आणि त्यांना आधीच्या कुठल्यातरी घराचा चुना चिकटलेला आहे. काकाच्या 'आपल्या गावाचा इतिहास' या पुस्तिकेत मात्र आमच्या पणजोबांनी ओसाड माळावर पहिलं घर बांधलं. माळावर विटा उगवत असाव्यात. तीच पुस्तिका दाखवून तो मावशींना म्हणतो, "तुम्ही लोक मागून आलात, भट्टी हलवा." मी मेलो की भिंत त्याची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर गिलावा. सिमेंटची पोती जिन्याखाली येऊनही पडलीत. विचारलं तर म्हणे, "अंगणासाठी." अंगण केवढं, पोती किती!

२. माझी वही शाळेला द्यावी. तिच्यात नदीकाठची धरून आसपासच्या तीन जुन्या वस्त्यांचे नकाशे आहेत, पावलांनी मोजलेले. पाऊल म्हणजे माझं, बूट घालून. तेव्हा बूटही शाळेलाच, नाहीतर मापं जुळायची नाहीत.

३. सायकल ज्याला सापडेल त्याची. ब्रेक लागत नाही. काकाला सापडली तर एवढं सांगू नये.

४. काकूला काही नाही. केर काढायच्या निमित्ताने येते, टेबलावरचं वाचते, मुकाट्याने जाते. पुढे कुणाच्या कानाला लागते, कोण जाणे.

उद्या सकाळी मी पुन्हा वाटेला लागणार. साक्षीदार दोन हवेत, नाहीतर हा कागद फुकट. पोस्टमन लगेच तयार झाला. बाकी गावात काकाचं नाव काढलं की प्रत्येकाला काम आठवतं.

ठिकाण: घराची मागची खोली
दिनांक: ९ मार्च
सही: घरात ज्याला 'भिंगरी' म्हणतात तो
साक्षीदार पहिला: पोस्टमन (सही केली, अजून इथेच बसलाय)
साक्षीदार दुसरा:

ता. क. आत्ताच दार वाजलं. काकू. हातात चहा. मी म्हटलं, "आधी तू पी." तिने टेबलावरचा हा कागद वाचत उभ्या उभ्या अख्खा कप संपवला.

"मला काही ठेवलं नाहीस ते बरं केलंस," म्हणाली. "ज्याला मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत. सरक, सही कुठे करू?"