जपानी मुलीचं वाक्य

बाबा, रंगांनी काढलेल्या मुलीसाठी माणसाला रडू का येतं? मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली, तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता इथेच, नदीच्या तेलुगू बाजूला, जैनथला मराठी शाळेत शिकवते. तिथेच एक सर आहेत, पैनगंगेपलीकडच्या गावचे. बुद्धपौर्णिमेसाठी त्यांनी नागपूरहून व्हिडिओ कॅसेट आणली, जपानी पाहुण्यांनी कुणाला तरी दिलेली. जपानची म्हणजे बुद्धाचीच असणार, असं साऱ्या वस्तीनं धरलं, मीही. दुपारी भाड्याचा टीव्ही विहारात मूर्तीशेजारी ठेवून आम्ही त्याला हार घातला, मेणबत्त्या लावल्या. बाया पांढरी लुगडी नेसून हात जोडून बसल्या. पडद्यावर चित्रातली एक मुलगी होडी वल्हवत आली.

"हे बुद्धाची माय असन," शेजारची आत्या म्हणाली. मग एक पोरगा आला, आणि ती त्याच्याकडे अशी बघायला लागली की आत्याच हसली. "माय नाई वं बाई, हे तं लफडं हाय!"

मला संताप आला. विहारात हे? मी बंद करायला उठले. तर माय म्हणाली, "काऊन बंद करून राह्यली? हार घातला ना त्याले, आता पाहू दे. तुहे बाबा असते तं सांगत बसले असते. तू सांग."

तंबूच्या टॉकीजमध्ये तुम्ही बायांपुढे बसून तेलुगू सिनेमा मराठीत सांगायचात, मी तुमच्या मांडीवर. नायक लांबलचक बोलायचा आणि तुम्ही म्हणायचात, "जेवली काय, इचारून राह्यला." तुम्हाला तेलुगू निम्मीच यायची, हे मला पुढे शाळेत कळलं.

तर मी सांगायला बसते. जपानी एक अक्षर कळत नाही. ती रोज त्या पोराला नदी पार करून देते. तो लवकरच दूर कामाला जाणार आहे, आणि दोघंही बोलत नाहीत. त्याची भिजलेली चप्पल ती चुलीजवळ वाळवते, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. एवढंच, पण ते सांगताना मलाच रडू येतं. संताप कुठे गेला तेही कळत नाही. शेवटी तो जातो, आणि ती धारेच्या मधोमध होडी थांबवून उभी राहते.

"सांग ना, काय म्हनते थे?" माय विचारते.

टीव्हीजवळ सर बसलेले. काकांनी ठरवलेलं स्थळ मला पाहायला रविवारी येणार. आमच्यात मुलगी स्वतः विचारत नाही. मी म्हणाले, "थे म्हनते, मले तुह्यासोबत राह्याचं हाय. तू इचारत नाईस, म्हून मीच इचारून राह्यली."

आत्या पदरानं डोळे पुसत होती. सरांची मान खाली. माय मात्र टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होती. घरी येताना तिनं एवढंच विचारलं, "मास्तर हाय काय थो?"

मी हो म्हणाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या फोटोमागे ठेवते आहे. एक कबूल करते, त्या शेवटच्या दृश्यात ती मुलगी तोंडच उघडत नाही. ते वाक्य माझं, सवय तुमची. पण एकदा बोलल्यावर मला ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. पैनगंगा सध्या गुडघाभर आहे. शनिवारी माय आणि मी लुगडी खोचून पलीकडे गेलो, आणि त्यांच्या आईसमोर मी तेच वाक्य सरांना विचारून आले.