धाकट्याची खूण

मी, सिदू धुळाजी गडदे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार शिरूर कासार, जिल्हा बीड, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. कोणी धाक घातलेला नाही. या घरात धाक घालणारे एकच माणूस आहे, माझी पत्नी कडूबाई, आणि ती समोर शेंगा फोडत बसली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे निघालेच तर ते खोटे समजावे.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक कडूबाईची. तिच्यामागे घराचे दोन सारखे भाग, एक मुलगा रविराजचा आणि एक मुलगी रोहिणीचा. रोहिणीने हक्कसोडपत्रावर सही करू नये. भाऊ गोड बोलून मागेल. रविराज, तू मागणारच, म्हणून आधीच लिहिले, राग मानू नकोस. कडूबाईने शिल्लक नातवंडांवर न उधळता गुडघ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे. गोलघुमटाच्या पायऱ्या चढून ते गेले, आणि ती का चढली ते पुढे येईल.

दोन. नोकरीतली माझी हत्यारे, म्हणजे सिरिंजा, थर्मामीटर आणि खच्चीकरणाचा चिमटा, पुतण्या मुंजाजीला द्यावीत. तो अजून मेंढरे राखतो. चिमटा शेजाऱ्याने नेला तो चार वर्षे परत दिलेला नाही. माझ्या तेराव्याला तो जेवायला येईलच, तेव्हा त्याला चारचौघांत विचारावे.

तीन. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने पाणी पिऊन बसावे.

आम्ही मेंढपाळ. आमचे वडील आबा, धुळाजी गडदे, सांगायचे की आपले मूळ कर्नाटकात, तुंगभद्रेच्या अलीकडे, हिरेहट्टी नावाच्या वस्तीत आहे. दोघा लेकरांना एकदा तिकडे नेईन म्हणायचे. मेंढरांमागे चालता चालता ते राहून गेले. मी थोरला, शिकून नोकरीला लागलो. धाकटा परमेश्वर शाळेत गेलाच नाही, आबांच्या कळपामागे राहिला.

आबांच्या मेंढरांची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला एक खाच. लाखात आमचे मेंढरू ओळखू यायचे. आबा गेल्यावर १९९६ साली आम्ही वेगळे झालो. कळप दोन झाले तशा खुणाही दोन लागणार होत्या. मी म्हणालो, मी थोरला, बापाची एक खाच माझी. परमेश्वराने दोन खाचा पाडाव्यात. तो म्हणाला, आबांनी मला उलटे सांगितलेय, बापाची खूण धाकट्याची असती. मी विचारले, साक्षीला कोण होते? माळावर बाप आणि लेक दोघेच मेंढरांत बसलेले, साक्षीला कोण असणार? मी सरकारी नोकर, मला प्रत्येक गोष्टीचा कागद लागायचा. माझी मेंढरे मी गडी ठेवून राखत होतो, तरी बापाची खूण मलाच हवी होती, आणि ती मी घेतली.

दोन वर्षांनी त्याच्या कळपात एक खाच असलेल्या सात मेंढ्या निघाल्या. त्याच्याच मेंढ्यांची ती पिले होती, त्याने त्यांना आबांची खूण केली होती. मी पंच बसवले. पंचांनी कान पाहिले आणि मेंढ्या माझ्या ठरवल्या. एवढ्यावर मी थांबलो नाही. बिरोबाच्या पारावर त्याच्या हातात शपथेसाठी देवाच्या हळदीचा भंडारा द्यायला लावला आणि सगळ्या भावकीसमोर त्याच्या तोंडून चोरी कबूल करून घेतली. त्याची बायको चतुराबाई पाराखाली उभी होती, ती कोणाकडेही न पाहता घरी गेली.

त्या सात मेंढ्या माझ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, तीन दिवस परमेश्वराच्या मेंढवाड्याकडे तोंड करून ओरडत राहिल्या. मेंढरू आपला कळप विसरत नाही, हे मी लोकांना शिकवायचो, त्याचा पगार घ्यायचो. तेव्हा मला कळायला पाहिजे होते. खरे लिहायचे तर कळले होते. पंचांसमोर जिंकलेला माणूस परत पंचांसमोर जाऊन मी चुकलो म्हणत नाही, म्हणून गप्प बसलो.

परमेश्वर बायको-मुलगा घेऊन सासुरवाडीला दिंद्रुडला निघून गेला. सत्तावीस वर्षे आमचे बोलणे नव्हते. आईच्या मौतीला आला, खांदा दिला, पाणी न पिता गेला.

चार. गेल्या जानेवारीत रोहिणीने सगळ्यांना दक्षिणेकडे न्यायचे ठरवले. आबांचे मूळ गाव बघू, वाटेत विजापूर आणि हंपी करू म्हणाली. गाडी रविराजने चालवली. तो कशी चालवतो हे सहन केलेल्यांनाच ठाऊक.

विजापूरला गोलघुमटाच्या आतल्या सज्जात मी एका बाजूला आणि कडूबाई पलीकडे बसली. तिथे भिंतीशी हळू बोललेले समोरच्याला ऐकू जाते. मला वाटले ही काहीतरी गमतीचे बोलेल. ती म्हणाली, "परमेश्वरभावजींना आणायला पाहिजे होतं." घुमटाने ते मला पुन्हा पुन्हा ऐकवले. खाली उतरल्यावर म्हणाली, घरात बोलले की तुम्ही उठून जाता, म्हणून एवढ्या पायऱ्या चढले.

हंपीला पोरे दगडी रथापुढे फोटो काढत होती. मी वाटेवरच्या मेंढरांचे कान बघत होतो.

हिरेहट्टी विचारत विचारत तिसऱ्या दिवशी सापडली. बिरोबाचे देऊळ होते, तिथे त्याला बीरप्पा म्हणतात. देवळामागे एक म्हातारा मेंढरे घेऊन बसला होता. मी जवळ जाऊन एक मेंढी धरली. डावा कान, टोकाला एक खाच. कडूबाई रडायलाच लागली. मीही रडलो, ते इथे लिहितो कारण रविराजने त्याचा व्हिडिओ केलेला आहे.

पलीकडच्या कळपाला दोन खाचा होत्या. लोकरीच्या धंद्याने सोलापूरला जाऊन-येऊन मराठी शिकलेला एक माणूस तिथे होता. त्याला मध्ये घालून मी म्हाताऱ्याला विचारले की तो कळप कोणाचा. म्हातारा म्हणाला, माझ्या थोरल्या भावाचा. मग एक खाच तुमची कशी, मी विचारले. त्याला माझा प्रश्नच कळेना. दोनदा विचारल्यावर त्याने जे सांगितले, ते त्या माणसाने मला मराठीत असे सांगितले: "थोरला बापाचं घर सोडून वेगळा होतो, म्हणून त्यानं खाच वाढवायची. धाकटा आईबापापाशी राहतो. त्याचा कान बापाचाच."

मी तिथेच मातीत बसलो. रोहिणीला वाटले मला ऊन लागले. देवळात भंडारा कपाळाला लावायची माझी हिंमत झाली नाही.

पाच. म्हणून लिहून देतो की त्या सात मेंढ्या परमेश्वराच्या होत्या, खूणही त्याची होती, आणि तो चोर नव्हता. आबांनी त्याला खरे सांगितले होते आणि त्याने मला खरे सांगितले होते. चोरी झाली ती मी केली.

सहा. उत्तरेकडची माळाची जमीन, जिथे आबांचा मेंढवाडा बसायचा, ती पूर्ण परमेश्वराच्या मुलाला, मुंजाजीला द्यावी. वाटणीत ती माझ्याकडे आली आणि मी तिच्यावर एक मेंढरू बसवले नाही. रविराजने हरकत घेऊ नये. घेतली तर घरातला त्याचा भागही रोहिणीला जावा.

सात. आबांची कातर आणि कानाला खाच पाडायची सुरी परमेश्वराची. आजपासून एका खाचेची खूण त्याची आणि त्याच्या वंशाची. याला कागदावर काही किंमत नाही, पण मला द्यायला यापेक्षा मोठे काही उरलेले नाही.

आठ. मार्चमध्ये मी दिंद्रुडला गेलो. परमेश्वर मेंढी कातरत होता, उठला नाही. मी उभ्याउभ्या हिरेहट्टीचे सगळे सांगितले. त्याने ती मेंढी पूर्ण कातरून सोडली, मग म्हणाला, "दादा, मेंढ्याचं काय न्हाई. माज्या हातात भंडारा देऊन मला चोर म्हणायला लावलंस, ते लई लागलं."

मी म्हणालो, कागदात सगळे लिहून ठेवतो, माझ्यामागे सगळे वाचतील.

तो म्हणाला, "तू मेल्यावर मला काय करायचंय त्या कागदाचं? जित्ता हायस तवर वाच. तितंच, पारावर."

हा कागद म्हणूनच आज रविवारी बिरोबाच्या पारावर भावकीसमोर वाचणार आहे. त्या वेळच्या पंचांपैकी एकटे राधाकिशन काका हयात आहेत, ते पहिले साक्षीदार. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कोरी ठेवली आहे. ज्याच्यासाठी ठेवली त्याला निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही. नाही आला तर जागा कोरीच राहू द्यावी, दुसऱ्या कोणाचे नाव घालू नये, मग हा कागद कायद्याला चालो न चालो.

पुरवणी, पारावर बसून लिहिलेली. वरील मजकूर मी मोठ्याने वाचला. पाचवे कलम वाचताना आवाज गेला, ते राधाकिशन काकांनी वाचायला घेतले होते. तेवढ्यात मागून परमेश्वर म्हणाला, त्याला वाचू द्या. मग मीच वाचले. तो चतुराबाईला घेऊन दिंद्रुडहून पहाटेच्या गाडीने आला होता आणि लिंबाखाली उभा होता. वाचून झाल्यावर मी भंडारा स्वतःच्या हातात घेऊन चोरी कबूल केली.

परमेश्वराला सही येत नाही, म्हणून रविराजने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. परमेश्वराने ती बाजूला सारून पेन मागितला आणि सावकाश एक कान काढला, टोकाला एक खाच. मी माझी सही केली, तर त्याने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाला, "दादा, तुजी पण खूण काड. दोन खाचा."

मी काढली.

साक्षीदार:
१. राधाकिशन, त्या वेळच्या पंचांपैकी एक. सही.
२. परमेश्वर धुळाजी गडदे, राहणार दिंद्रुड. निशाणी: मेंढीचा कान, एक खाच.

लिहून ठेवणार:
सिदू धुळाजी गडदे. सही. निशाणी: मेंढीचा कान, दोन खाचा.

बिरोबाचा पार, शिरूर कासार, जिल्हा बीड
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५