डॉगवुड फुलल्यावरची थंडी

लॉरेल खोरं,
४ मे

प्रिय हार्लन,

तुला आणि मुलांना खूप आशीर्वाद. माझं हाड जुळलं. काठी टेकत परसापर्यंत जाते. न जाते तर बरं झालं असतं.

मला इस्पितळातून आणायच्या आधी तू घर आवरून ठेवलंस, त्याबद्दल दोन गोड शब्द लिहायला बसले होते. ते राहू देत आता.

माझे आर्टिचोक मेले. एकेक गड्डा बोटानं दाबून पाहिला, सगळे लिबलिबीत. दर हिवाळ्यात माझा एमरी त्यांच्यावर पाचोळ्याचा ढीग रचायचा, वर टोपल्या पालथ्या घालायचा. तो गेल्यावर मी घालत आले. ही समुद्राकाठची भाजी, डोंगरात कुठली यायला, असं सगळं खोरं हसायचं. आपली आई म्हणायची, "जावईबापू, काटे खायला आम्ही गाढवं का?" मग पहिली कळी उकडून लोण्यासोबत पुढ्यात ठेवली, तर पाकळी न् पाकळी चोखून म्हणते, "संपलं एवढ्यात?"

मार्चमधल्या उन्हाला भुलून पाचोळा काढलास, असं तू फोनवर म्हणालास. शहरातल्यानं भुलावं. तू इथला! वसंतात डॉगवुडचं झाड फुललं की थंडी एकदा उलटून येतेच, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्या थंडीत अनवाणी हुंदडलास म्हणून आईनं तुला बदडलं होतं. विसरलास?

विसरला नाहीस. तेच तर घशाखाली उतरत नाही.

काल शेजारची ऑर्फा मक्याची भाकरी घेऊन आली. मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते. ती म्हणाली, "अगं, त्या पोराला कशाला शिव्या देतेस? त्या फोटोवाल्या बाईनंच सांगितलं ना, परसात उकिरडा दिसतोय म्हणून."

"कोण फोटोवाली?"

ती भाकरीवरचं फडकं नीट करत बसली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल. घर विकायला काढलंय ना तुम्ही?"

'तुम्ही' म्हणे! खाटेवर पडून मी तुझी वाट बघत होते, आणि तू माझं घर लोकांना दाखवत होतास. काळजीपोटी केलं म्हणशील. असेलही, मेल्या, तुझा जीव आहे माझ्यावर. पण मोडलं होतं ते हाड. जीभ शाबूत होती. विचारायचं होतंस.

मी सही करणार नाही. त्या बाईला तूच कळव.

ऑर्फानं खिडकीत वाढवलेली रोपं दिली आहेत. आठ-दहा दिवस ती बाहेर गारठ्यात ठेवायची, म्हणजे एक हिवाळा सरला असं त्यांना वाटतं आणि पहिल्याच वर्षी कळ्या धरतात. रोपं फसतात रे अशी. मी नाही फसत.

उन्हाळा सरताना जेवायला ये. पाकळ्या चोखायला तुला, आतला सगळ्यात चवीचा गर मला.

आणि टोपल्या कुठं फेकल्यास ते उलट टपाली लिही. थंडीत लागतील.

याच घरातली,
तुझी ताई
डेल्फिया