निळी ठिणगी

भोईवाडा, रविवार रात्र, फेब्रुवारी १९५७

उद्या भंगारवाला ह्यांची जुनी फटफटी न्यायला येणार होता. प्लग नवा, तार नवी, तरी ठिणगी पिवळी, मरतुकडी; गाडी सुरूच होईना. आज हे दर रविवारसारखे ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या पॉइंटांवर माझ्या शिवणाच्या मशीनचं तेल सोडायला बसले आणि मला वाटलं, ह्या तेलानंच तर नव्हे? इतक्या मायेनं घातलेलं; सांगू कसं?

सांगितलंच.

"अगं, हे काय तुझं शिवणाचं मशीन आहे?"

"नाही ना? मग तेल कशाला?"

वातींच्या कापसानं, पेट्रोल लावून, पॉइंट पुसले, सुकू दिले. ह्यांनी किक मारली. ठिणगी निळी! चक्क निळी!

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला फटफटीवरूनच गेलो. घोषणांनी घसा बसलाय. परतताना हे म्हणाले, "घट्ट धर गं." धरलंच होतं.